वाटेवरचा वाघ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात 'शेर' या शब्दाने फार गोंधळ होत असे. अब्बा ट्रक ड्रायव्हर. नागपूर-रायपूर रस्त्यावर त्यांचा जन्म गेला. घरी आले की म्हणायचे, "कल रात एक शेर देखा." आणि मी, कवितेच्या नादाला लागलेला मुलगा, उत्सुकतेने विचारायचो, "कुणाचा?" अम्मी हसून लोटपोट व्हायची. शेर म्हणजे दोन ओळींचा आणि शेर म्हणजे चार पायांचा. अब्बांचा शेर नेहमी चार पायांचाच असायचा. साकोलीच्या पुढे, देवरीच्या घाटाकडे कुठेतरी, हेडलाइटच्या उजेडात दिसलेला.

आज बोलायचं आहे ते या चार पायांच्या शेराबद्दल. पुढे मी त्याला वाघच म्हणेन, कारण कविता मी मराठीत लिहितो आणि मराठीत असला गोंधळ होत नाही.

महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते. २०१४ मध्ये १९० झाले, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ च्या गणनेत ४४४. सोळा वर्षांत चौपट. सरकारी आकडा ऐकून आनंद व्हावा असे प्रसंग आयुष्यात थोडे येतात, त्यातला हा एक. मलाही झाला. वर्तमानपत्राचं ते कात्रण मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पण मी राहतो साकोलीत. आमच्या गावाच्या उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव, आणि या दोन जंगलांच्या मधून जातो महामार्ग, पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा त्रेपन्न. त्यामुळे ४४४ हा आकडा वाचला की आम्हा साकोलीकरांच्या मनात आपोआप पुढचा प्रश्न येतो : हे चारशे चव्वेचाळीस रस्ता कुठून ओलांडतात?

आधी हा आकडा येतो कुठून ते सांगतो, कारण त्यात गंमत आहे.

पूर्वी वाघ मोजायचे ते पायाच्या ठशांवरून. वनरक्षक काचेची पट्टी घेऊन जंगलात जायचा, मातीत उमटलेला ठसा तिच्यावर उतरवून घ्यायचा, मग त्याचा कागदावर नकाशा. कधी प्लास्टर ओतून साचाही काढायचा. अनुभवी माणूस ठसा पाहून नर की मादी ते सांगे, आणि ते बहुधा बरोबरही असे. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा, भुसभुशीत धुळीत वेगळा. शेजारच्या दोन बीटांत एकच वाघ दोनदा मोजला जाई. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये तर २००५ साली उघड झालं की दप्तरात वाघ आहेत आणि जंगलात एकही नाही. 'कागदी वाघ' हा शब्द आपण पुढाऱ्यांसाठी वापरतो. तिथे तो अक्षरशः खरा ठरला.

दुसरी पद्धत पाणवठ्यावरच्या गणनेची. वैशाखातल्या बुद्ध पौर्णिमेला जंगलातले बाकीचे पाणी आटलेले असते, चांदणं लख्ख असतं. मचाणावर रात्रभर बसायचं आणि पाण्यावर जो येईल त्याची नोंद करायची. मीही एकदा बसलो आहे. सोबत एक निवृत्त मास्तर होते. रात्रभरात आमच्याकडे अकरा रानडुकरं, दोन सांबर आणि एक अस्वल आलं. ते अस्वल पाणी पिऊन गेलं आणि पहाटे पुन्हा आलं. मास्तर म्हणाले, "हे दुसरं." मी म्हटलं, "हे तेच." फॉर्मवर काय लिहायचं यावरून आम्ही कुजबुजत इतके भांडलो की अस्वल निघून गेल्याचं कळलंही नाही. आता या रात्रीला वनखाते 'निसर्गानुभव' म्हणते, हे फार बरं केलं. अनुभव म्हणून ती रात्र अजोड आहे. मोजणी म्हणून तिच्यावर एक बैलही विकत घेऊ नये.

आताची पद्धत कॅमेऱ्याची. आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कुणाशी जुळत नाहीत, तसे वाघाच्या अंगावरचे पट्टे. आणि उजव्या कुशीचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात, म्हणून कॅमेरे जोडीने लावायचे, वाटेच्या दोन्ही बाजूंना, समोरासमोर. जनावर मधून गेलं की दोन्ही कुशींचं छायाचित्र. डॉ. उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत नव्वदच्या दशकात ही रीत वाघांसाठी वापरून दाखवली. मग हिशेब असा : समजा पहिल्या फेरीत वीस वेगवेगळे वाघ टिपले. दुसऱ्या फेरीतही वीस टिपले, पण त्यातले दहाच आधीच्या ओळखीचे निघाले. म्हणजे आपल्याला ओळख पटलेले वीस वाघ हे एकूण वाघांच्या निम्मे. जंगलात साधारण चाळीस आहेत. खरा हिशेब याहून पुष्कळ किचकट असतो, पण गाभा हाच. न दिसलेल्याचा अंदाज पुन्हा दिसलेल्यावरून बांधायचा. गझलेत असंच काही असतं, पण तो विषय वेगळा.

२०२२ च्या देशभरच्या गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. छायाचित्रं मिळाली चार कोटी सत्तर लाखांच्या वर. त्यात वाघाची ९७,३९९. म्हणजे जवळपास पाचशे छायाचित्रांमागे एक. बाकीच्यांत चितळ, डुक्कर, गुराखी, मोहफुलं वेचणाऱ्या बाया. आणि हे सगळं होण्याआधी वनरक्षकाने आपल्या बीटात तीन दिवस रोज पाच-पाच किलोमीटर चालून विष्ठा, ओरखडे, ठसे यांच्या नोंदी केलेल्या असतात. ही मंडळी टीव्हीवर कधी दिसत नाहीत.

तर आकडा विश्वासाचा आहे. माझी अडचण आकड्याशी नाही, त्याच्या पत्त्याशी आहे. गणनेत वाघाला पत्ता असतो : ताडोबा इतके, पेंच इतके, मेळघाट इतके. आणि प्रत्येक वाघाच्या आयुष्यात एक काळ असा येतो की त्याला पत्ताच नसतो.

वाघाचं पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आई त्याला दूर करते. मादी असेल तर बहुतेक वेळा आईच्या शेजारीच कुठेतरी जागा शोधते. नराला मात्र लांब जावं लागतं. जिथे जाईल तिथे आधीचा एखादा दांडगा नर बसलेला. त्याच्याशी लढायची ताकद अजून नाही. मग तो जंगलाच्या कडेकडेने, नाल्यांनी, तुरीच्या शेतांतून, रात्री चालत, दिवसा झुडपात पडून राहत, जागा शोधत जातो. याला शास्त्रज्ञ स्थलांतर म्हणतात. आमच्याकडे पोरगा कामाला सुरतेला गेला म्हणतात तसंच हे.

टिपेश्वरच्या एका तरुण नराच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर बांधली होती, म्हणून त्याची वाट तरी कळली. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणात शिरला, पुन्हा महाराष्ट्रात आला, मराठवाडा तुडवला आणि अखेर बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सरळ रेषेत पाहिलं तर अंतर फार नाही, पण तो वळत, फिरत, मागे जात जवळजवळ तीन हजार किलोमीटर चालला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'वॉकर'. टिपेश्वरचाच आणखी एक वाघ २०२४ च्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या अभयारण्यात कॅमेऱ्यासमोर आला. जुन्या छायाचित्राशी पट्टे जुळवले तेव्हा कळलं हा कुठला. तोवर तो कुठे होता, किती रस्ते ओलांडले, कुणालाच ठाऊक नाही. आमच्या नागझिऱ्याचा 'जय' तर सर्वांना आठवत असेल. २०१३ मध्ये तो नागझिऱ्यातून निघून उमरेड-कऱ्हांडल्याला गेला, तिथे राजा झाला आणि २०१६ च्या एप्रिलनंतर कुणाला दिसला नाही.

वाघांची संख्या वाढते म्हणजे नेमकं काय वाढतं? हे वाटेवरचे वाघ वाढतात. भरलेल्या जंगलातून बाहेर पडणारी तरुण पोरं. एका जंगलाचं रक्त दुसऱ्या जंगलात नेतात ती हीच. ती वाटेत संपली तर प्रत्येक जंगल आपापल्या जागी डबक्यासारखं राहतं. आणि वाट म्हणजे आज विदर्भात रस्ता आला, रेल्वे आली, कालवा आला, शेताला लावलेली विजेची तार आली.

२०१७ च्या डिसेंबर अखेरीस बोरच्या जंगलातला 'बाजीराव' नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ गाडीखाली गेला. बोर हा देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि बाजीराव तिथला दबदब्याचा नर. हा रस्ता म्हणजे आमचाच जुना सहा नंबर. नागपूरच्या त्या बाजूला अमरावतीकडे जातो, या बाजूला आमच्या दारावरून रायपूरकडे. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावर वाघाचे तीन बछडे एकाच गाडीखाली गेले. आणि १० ऑगस्ट २०२३ च्या रात्री गोंदिया-कोहमारा रस्त्यावर, मुरदोलीच्या जंगलात, साधारण दोन वर्षांच्या एका नराला मोटारीची धडक बसली. त्याची चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी फोनवर पाहिली असेल. पाय ओढत तो रस्त्याच्या कडेला सरकतो, आणि जंगलाकडेच सरकतो. उपचारासाठी नागपूरला नेताना तो गेला.

त्या रस्त्याने मी वर्षातून आठ-दहा वेळा जातो. गोंदियाला कविसंमेलन असतं, कुणाचं लग्न असतं. म्हणून ही बातमी मला दूरची वाटली नाही. पण ती मनात रुतली ती आणखी एका कारणाने. त्याच्या तीनच महिने आधी, मे २०२३ मध्ये, ब्रह्मपुरीच्या जंगलातून दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या होत्या. ब्रह्मपुरीत वाघ दाटले आहेत. माणसं मरतात, गुरं मरतात, तिथल्या शेतकऱ्याला ४४४ च्या आकड्यात आनंद दिसत नाही, आणि त्याचं चुकतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. नागझिऱ्यात मात्र वाघ कमी. म्हणून तिकडच्या वाघिणी बेशुद्ध करून, पिंजऱ्यात घालून, गाडीने, डॉक्टरांच्या ताफ्यासह इकडे आणल्या. योजना चांगली, मेहनत मोठी. आणि त्याच जंगलात जन्मलेला, कुणी न आणलेला, फुकटात मिळालेला तरुण नर आम्ही एका रात्रीत घालवला. एका बाजूने बादलीने पाणी भरायचं आणि हौदाची तोटी उघडी ठेवायची, असला हा कारभार.

अब्बांच्या काळी रस्त्यावर वाघ मरत नव्हते का? मरत असतील. पण त्यांचा ट्रक भरल्या मालानिशी चाळीसच्या वर क्वचित जायचा. आणि ड्रायव्हर लोकांत एक रीत होती. जनावर समोर आलं की गाडी थांबवायची आणि दिवे मालवायचे. अब्बा सांगायचे, "बत्ती से उसकी आँख बंद हो जाती है. बत्ती बंद करो, एक बीडी पियो, चला जाता है." यात शास्त्र आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर प्रखर झोत पडला की जनावर थिजून उभं राहतं. आपल्याला वाटतं, मूर्ख आहे, पळत का नाही? त्याला काही दिसतच नसतं.

आता हिशेब बघा. ताशी ऐंशीने जाणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. शंभरने जाणारी अठ्ठावीस. आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच तो एक सेकंद संपतो. गाडी थांबायला सुरुवात त्याच्यानंतर होते. वळणावर, पावसात, समोरून येणाऱ्याचे दिवे डोळ्यांत असताना. म्हणून चालकाला राक्षस ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. त्या धडकेत माणूसही मरू शकतो. रानडुकराला धडकून मोटारसायकलवरची पोरं गेल्याचं आमच्या भागात कुणाला नवल नाही.

रस्ते नकोत, असंही मी म्हणणार नाही. माझ्या धाकट्या बहिणीला एका पावसाळी रात्री नागपूरला न्यावं लागलं तेव्हा हा चांगला रस्ता नसता तर ती आज नसती. जंगलालगतच्या गावातल्या बाईला दवाखान्यात लवकर पोहोचायचा हक्क आहे. शहरात बसून जंगलातले रस्ते बंद करा म्हणणाऱ्यांनी एकदा जुलै महिन्यात बाळंतिणीला घेऊन या भागातून जावं.

मग करायचं काय? उत्तर कुणी शोधलेलंच नाही असं नाही. नागपूरहून शिवनीकडे जाणारा जुना सात नंबरचा महामार्ग, आताचा चव्वेचाळीस, पेंचच्या जंगलातून जातो. चौपदरी करायचा म्हटल्यावर न्यायालयात वाद झाला, वर्षं गेली, दोन्ही बाजूंनी भरपूर शिव्याशाप झाले. शेवटी रस्ता झाला, पण जंगलात तो खांबांवर उचलला गेला. महाराष्ट्राच्या हद्दीत अशा नऊ जागा आहेत, काही पन्नास मीटरच्या, सर्वांत लांब साडेसातशे मीटरच्या. वरून ट्रक जातो, खालून जंगल जातं. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले. २०१९ च्या मार्च ते डिसेंबर या काळात अठरा जातींची रानटी जनावरं त्या पुलांखालून गेलेली दिसली. अकरा वेगवेगळे वाघ, एकोणनव्वद वेळा. पट्ट्यांवरून ओळख पटलेले अकरा. ज्या कॅमेऱ्याने वाघ मोजायचे, त्यानेच ते सुखरूप पलीकडे गेल्याचंही मोजलं. या पुलावरून मी एसटीने गेलो आहे. वरून काहीही कळत नाही. नुसता रस्ता, दोन्हीकडे उंच भिंतीसारखे अडसर, आणि कंडक्टर पेंगत असलेला.

पण हे भाग्य नव्या मोठ्या रस्त्याचं. चौपदरीकरण म्हटलं की परवानग्या येतात, अभ्यास येतो, कोर्ट येतं, आणि त्या रेट्यात वाघालाही चार पूल मिळतात. मुरदोलीसारख्या जुन्या दुपदरी रस्त्याचं मात्र नुसतं डांबर बदलतं. खड्डे जातात, गाड्या चाळीसवरून ऐंशीवर येतात, आणि जंगलाच्या वाट्याला येतो एक फलक : 'वन्यप्राण्यांचा वावर, वाहने सावकाश चालवा.' त्या फलकावर पुढे वाढदिवसाच्या शुभेच्छांचा बॅनर बांधलेलाही मी पाहिला आहे.

माझं एक साधं मागणं आहे. स्पेन आणि पोर्तुगालमध्ये लिंक्स नावाचं एक रानमांजर आहे, कानांच्या टोकांवर केसांचे झुपके असलेलं. २००२ मध्ये ते शंभरहूनही कमी उरलं होतं, तेही ग्वादलकिवीर नदीच्या दोन टोकांना. (या नदीचं नाव मूळ अरबी, वादी-अल-कबीर, म्हणजे मोठी नदी. आपल्या कबीराचा शब्द तिथे नदी होऊन वाहतो.) २०२४ च्या मोजणीत ते २,४०१ झाले. त्याच वर्षी मोटारींखाली दीडशेहून अधिक गेले. हे दोन्ही आकडे तिथे लोकांसमोर येतात, म्हणून कुठल्या रस्त्याच्या कुठल्या वळणावर काय करायचं यावर भांडता तरी येतं. आपल्याकडे मेलेल्या वाघाचेही पट्टे जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहतात, शवविच्छेदन होतं, कागद तयार होतो. तो फायलीत जातो. पुढच्या वेळी वाघांचा आकडा जाहीर होईल तेव्हा त्याच पानावर हेही छापा : मागच्या चार वर्षांत कुठल्या रस्त्यावर, कितव्या किलोमीटरला, कोणता वाघ. आणि बिबटेही, कारण ते यापेक्षा कितीतरी जास्त मरतात आणि त्यांना कुणी नावंही ठेवत नाही.

आमच्या शेजारचा एक मुलगा नागपूर-गोंदिया टुरिस्ट गाडी चालवतो. गोंदियाला जायचं तर मी त्याच्याच गाडीने जातो. मुरदोलीच्या घटनेनंतर मी त्याला म्हटलं, "बाबू, जंगलातून चाळीसनं घेत जा ना."

तो म्हणाला, "चाचाजी, चाळीसनं घेतलं तं मागचा हॉर्न मारून मारून कान फोडते. अन् पार्टीले रेल्वे पकडाची राहते, थे मले बोलते."

मी त्याच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब करून दाखवला. जंगलाचा पट्टा दहा किलोमीटर धर. ऐंशीने साडेसात मिनिटं लागतात, चाळीसने पंधरा. फरक साडेसात मिनिटांचा. कोहमाऱ्याला चहाला थांबतोस तेवढा.

त्याने बिल उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "हिसाब तं बराबर आहे जी. पण हे पार्टीले कोण सांगन?"

तेव्हापासून मी पुढच्या सीटवर बसतो. मागच्यांना मी सांगतो.